काऊचे घर शेणाचे कुणी ठरवले?

आमच्या वस्तीतील बुद्धविहारात दर रविवारी सकाळी मुलांचा वर्ग भरतो. त्रिसरण-पंचशील झाले की अर्धा तास गोष्टींचा असतो. गेल्या महिन्यात तो अर्धा तास माझ्याकडे होता. समोर बालवाडीपासून सातवीपर्यंतची पंचवीस-तीस पोरे होती. सगळ्यांना कळेल अशी गोष्ट म्हणून मी चिऊ-काऊची सांगायला घेतली. काऊचे घर शेणाचे, चिऊचे घर मेणाचे. मोठा पाऊस आला आणि काऊचे घर वाहून गेले. इतक्यात चौथीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पण काऊचं घर शेणाचं कुणी ठरवलं?"

मी वकील आहे. न्यायालयात उलटतपासणी घेण्यात माझी वीस वर्षे गेली. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी कसेबसे म्हणालो, "बाळा, ती गोष्ट आहे." ती बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

पुरावा काय सांगतो?

आधी वस्तुस्थिती पाहू. कावळा घर बांधतो ते काटक्यांचे. शहरातला कावळा त्यात तारेचे तुकडेही गुंफतो. चिमणी गवत, काड्या, पिसे, चिंध्या जमवून वळचणीला घरटे करते. मेणाचे घर बांधते मधमाशी. म्हणजे या गोष्टीतील एकही घर पक्ष्याने बांधलेले नाही. दोन्ही घरे माणसाने बांधली. कुणाला शेणाचे द्यायचे आणि कुणाला मेणाचे, हे गोष्ट सांगणाऱ्याने ठरवले.

आता पुढची गोष्ट आठवा. भिजलेला काऊ चिऊचे दार ठोठावतो. चिऊ आतून सांगते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला तीट लावते. थांब, बाळाला झोपवते. काऊ पावसात उभाच. काही घरांत सांगतात, शेवटी चिऊने त्याला आत घेतले आणि त्याने रात्री चोरून खाल्ले, घर घाण केले. काही घरांत सांगतात, चिऊने त्याला तापल्या तव्यावर बसवले. आणि आपण सगळे हसतो. दोन-तीन वर्षांचे मूल मांडीवर बसून ऐकत असते. काळ्या रंगाचा, शेणाच्या घराचा, दाराबाहेर उभे करण्याच्या लायकीचा आणि आत घेतलाच तर घाण करणारा असा कुणीतरी असतो, हे त्याच्या मनात जाऊन बसते. कावळा उडून जातो. रिकामी राहिलेली ती जागा पुढे कुणाला द्यायची, हे गाव त्याला शिकवते.

कुणी म्हणेल, वकीलसाहेब, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत जात दिसते. मान्य आहे. पण मला एवढेच सांगा, ज्या शेणाने आपण अंगण सारवतो, जे पंचगव्यात घालून पवित्र मानले जाते, तेच शेण काऊच्या घराला लागले की हलके कसे होते? आणि ज्या सावित्रीमाईंनी 1848 साली पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली, त्यांच्या अंगावर तेच शेण का फेकले गेले? शेण तेच आहे. ते कुणाच्या हातात आहे आणि कुणाच्या अंगावर आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो.

कावळ्याचेही तसेच. दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवावा म्हणून भले-भले लोक नदीकाठी हात जोडून तिष्ठत बसतात. तो शिवला की मेलेला माणूस मोकळा झाला म्हणतात. आणि घरातल्या बाईला पाळी आली की तिलाही "कावळा शिवला" म्हणत. मग ती तीन दिवस बाजूला. एकच पक्षी, एकच शिवणे. मेलेल्याला त्याने मुक्ती मिळते आणि जिवंत बाईला विटाळ होतो. यात कावळ्याचा काय संबंध? त्या बिचाऱ्याला दोन्हीची खबर नाही. शिवाशीव माणसाच्या डोक्यात आहे, तिने फक्त कावळ्याचे पंख लावले आहेत.

मुखवटा कुणाचा?

जनावरांना माणसासारखे बोलायला लावण्याची रीत जगभर आहे आणि फार जुनी आहे. ती मुळात वाईट नाही. उलट ती अनेकदा गुलामांची भाषा राहिली आहे. ग्रीसमधला इसाप गुलाम होता असे हिरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात नोंदवून ठेवले. रोममधला फिड्रस हा स्वतः गुलामीतून सुटलेला कवी. त्याने स्पष्टच सांगितले आहे की, गुलामाला मनातले उघड बोलण्याची सोय नव्हती, म्हणून त्याने प्राण्यांच्या गोष्टी रचल्या. लांडगा कोकराला पाणी गढूळ केल्याचा दोष देतो, ही गोष्ट त्याच फिड्रसने सांगितली आहे. कोकरू ओढ्याच्या खालच्या अंगाला उभे आहे, पाणी वरून खाली वाहते आहे, तरी गुन्हेगार कोकरूच! आपल्या माणसाला पाणवठ्यावर काय सोसावे लागले ते ठाऊक असलेल्यांना ही गोष्ट परदेशातली वाटणार नाही. अमेरिकेतील काळ्या गुलामांनीही सशाच्या गोष्टी सांगितल्या. अंगात बळ नसलेला ससा अकलेच्या जोरावर कोल्ह्याला आणि अस्वलाला चकवतो. दिवसभर मळ्यात राबून रात्री त्या गोष्टी ऐकणाऱ्यांना ससा कोण आणि कोल्हा कोण, हे समजावून सांगावे लागत नव्हते.

पण मुखवटा जसा गुलामाला वापरता येतो तसा मालकालाही वापरता येतो. आपल्या देशात काय झाले ते पाहायचे तर पंचतंत्राकडे जावे लागते.

पंचतंत्र हा मोठा ग्रंथ आहे, यात शंका नाही. सहाव्या शतकात तो इराणात गेला, आठव्या शतकात अरबीत 'कलिला व दिम्ना' म्हणून गाजला आणि तिथून युरोपभर पसरला. त्यातील चातुर्य, विनोद, राजकारणाची जाण यांना तोड नाही. परंतु तो कुणासाठी सांगितला गेला हे त्यातच लिहिले आहे. अमरशक्ती राजाची तीन मठ्ठ पोरे सहा महिन्यांत शहाणी करण्यासाठी विष्णुशर्मा नावाच्या ब्राह्मणाने त्या गोष्टी सांगितल्या. म्हणजे हे राजपुत्रांचे पाठ्यपुस्तक. राज्य करणाऱ्याने कुणाला कुठे ठेवावे, याचे शिक्षण त्यात असणारच.

तीन गोष्टींची उलटतपासणी

पहिली गोष्ट उंदरीची. एका ऋषीच्या हाती उंदराचे पिल्लू पडते. तो तपोबलाने तिची मुलगी करतो, वाढवतो आणि लग्नाची झाल्यावर वर शोधतो. सूर्य नको, मेघ नको, वारा नको, पर्वत नको. शेवटी उंदीर दिसल्यावर ती हरखते. ऋषी तिला पुन्हा उंदरी करतो. तात्पर्य असे की, जन्मजात ओलांडता येत नाही.

दुसरी गोष्ट तर मुखवटा गळून पडल्यासारखी आहे. एक कुंभार खापरांवर पडतो आणि त्याच्या कपाळावर जखमेचा मोठा वण राहतो. राजाला वाटते हा रणशूर. तो त्याला मानाने सैन्यात ठेवतो. पुढे लढाईच्या तोंडावर विचारपूस होते आणि कुंभार खरे सांगून टाकतो. राजा म्हणतो, चालता हो. कुंभार म्हणतो, महाराज, मला रणात उतरवून तर बघा. तेव्हा राजा त्याला एक गोष्ट ऐकवतो. सिंहिणीने दया येऊन कोल्ह्याचे पिल्लू आपल्या छाव्यांबरोबर वाढवले. हत्ती समोर आला तेव्हा छावे धावून गेले, कोल्ह्याचे पिल्लू पळाले. मग सिंहिणीने त्याला समजावले, बाळा, तू शूर आहेस, देखणाही आहेस, पण ज्या कुळात तू जन्मलास तिथे हत्ती मारत नाहीत. तुझी जात माझ्या पोरांना कळण्याआधी निघून जा. ही गोष्ट ऐकून कुंभार मुकाट्याने निघून जातो.

वाचकहो, इथे थोडे थांबा. कुंभाराने संधी मागितली होती. परीक्षा घ्या म्हणाला होता. राजाने परीक्षा घेतली नाही, गोष्ट सांगितली. कुंभाराचे शौर्य रणात सिद्ध झाले नाही, खोटेही ठरले नाही. त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून एका कोल्ह्याची साक्ष काढली गेली! कोल्हा हत्तीला घाबरतो, म्हणून कुंभार शत्रूला घाबरेल. माझ्यासमोर कुणी असा युक्तिवाद केला असता तर मी पहिल्या वाक्यालाच हरकत घेतली असती.

तिसरी गोष्ट निळ्या कोल्ह्याची, सर्वांच्या माहितीची. कुत्र्यांच्या भीतीने पळताना कोल्हा रंगाऱ्याच्या निळीच्या पिंपात पडतो. निळा झालेला पाहून सारे जंगल त्याला राजा मानते. तो सिंह-वाघांना पदे वाटतो. एक दिवस दूरवरून कोल्हेकुई ऐकू येते, त्याचे डोळे आनंदाने भरून येतात, तोही तोंड वर करून ओरडतो आणि ओळखला जातो. सिंह-वाघ त्याला मारून टाकतात.

ही गोष्ट मी तिसरीत असताना वर्गात ऐकली. गाव मराठवाड्यातले. एप्रिलचे दिवस होते. आदल्या दिवशी बाबासाहेबांची जयंती झाली होती आणि मिरवणुकीत उधळलेली नीळ माझ्या कानामागून, नखांतून गेली नव्हती. गुरुजींनी गोष्ट संपवली. काही क्षण वर्ग गप्प होता. मग मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणाले, "निळा कोल्हा." सगळा वर्ग वळून माझ्याकडे पाहू लागला. गुरुजीही हसले. ते वाईट माणूस नव्हते, हसण्यासारखे काय आहे ते त्यांना कळले इतकेच. सातवीपर्यंत मला तेच नाव होते. वकिलीची सनद घेतली त्या दिवशीही, का कुणास ठाऊक, मला ते नाव आठवले.

बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह 1963 साली आला. त्यातील शीर्षककथेत जात लपवून राहणारा तरुण आहे, जात उघडी पडणे आहे आणि बेदम मार आहे. कॉलेजात ती कथा वाचली तेव्हा मला वाटले, ही तर निळ्या कोल्ह्याची गोष्ट! फरक एवढाच की, ती प्रथमच कोल्ह्याने सांगितली होती. आणि कोल्ह्याने सांगितल्याबरोबर आरोपी बदलला. ओळख लपवणारा गुन्हेगार उरला नाही, ओळख पटताच दात विचकणारे जंगल गुन्हेगार ठरले.

लबाडी नेमकी कुठे आहे?

या तिन्ही गोष्टींत एकच लबाडी आहे. 'जाति' हा शब्द. कोल्हा आणि सिंह हे दोन वेगळे प्राणी आहेत. कोल्ह्याचा सिंह होत नाही हे शेंबड्या पोरालाही कळते. गोष्ट हे सर्वमान्य सत्य हाती घेते आणि हळूच ते कुंभार व क्षत्रिय यांच्यावर ठेवून देते. जणू कुंभार आणि राजा हे दोन वेगळे प्राणी आहेत! ऐकणारा मान डोलावतो, कारण पहिल्या अर्ध्या भागाला त्याची मान आधीच डोललेली असते.

या लबाडीचे उत्तर तथागतांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. सुत्तनिपातात वासेट्ठ सुत्त आहे. दोन ब्राह्मण तरुण वाद घालत येतात की, माणूस ब्राह्मण कशाने होतो, जन्माने की कर्माने? भगवान बुद्ध त्यांना गवत, झाडे, किडे, मुंग्या, चतुष्पाद प्राणी, साप, मासे, पक्षी असे एकेक दाखवत जातात. यांच्यात जातिभेदाच्या खुणा जन्मानेच वेगवेगळ्या आहेत, हे ते मान्य करतात. मग माणसाकडे येतात. केस, डोके, कान, डोळे, ओठ, मान, पाठ, पोट, हात, पाय, रंग, आवाज यांपैकी कशातही तशी खूण नाही. माणसामाणसांतला फरक केवळ नावाचा, व्यवहाराचा आहे. शेती करतो तो शेतकरी, चोरी करतो तो चोर. बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये हाच मुद्दा आधुनिक शास्त्राच्या भाषेत मांडला. जाती म्हणजे वेगवेगळे वंश नव्हेत, एकाच वंशाच्या लोकांची ती सामाजिक फाळणी आहे.

म्हणून प्राण्याच्या तोंडी माणसाची भाषा घालायला माझी हरकत नाही. प्राण्याची जात माणसाला चिकटवायला आहे. ही दोन कामे वेगळी आहेत आणि गोष्टीत ती बेमालूम एक होतात.

जातककथाही तपासून घ्या

मग आपल्याकडे काय आहे? पाली जातकात 547 कथा आहेत आणि त्यांतील कितीतरी प्राण्यांच्या आहेत. मला सर्वांत आवडते ती तित्तिर जातकाची. ती सांगण्याचे निमित्तही ऐकण्यासारखे आहे. उत्तम आसन, पहिले पाणी, पहिली भिक्षा कुणाला मिळावी, असे भगवंतांनी भिक्खूंना विचारले. कुणी म्हणाले, क्षत्रिय कुळातून आलेल्याला. कुणी म्हणाले, ब्राह्मण कुळातून आलेल्याला. तेव्हा त्यांनी गोष्ट सांगितली. एका वडाखाली तित्तिर, माकड आणि हत्ती राहत. आपल्यात थोर कोण, हे ठरवायचे होते. हत्ती म्हणाला, मी लहान होतो तेव्हा या वडाचा शेंडा माझ्या पोटाला लागे. माकड म्हणाले, मी लहान होतो तेव्हा जमिनीवर बसून याचे कोंब खात असे. तित्तिर म्हणाला, मी एका वडाचे फळ खाल्ले, माझ्या विष्ठेतून बी पडले, त्याचे हे झाड झाले. हत्तीने आणि माकडाने त्या एवढ्याशा पक्ष्याला वंदन केले.

बघा, इथेही विष्ठा आहे, इथेही लहान पक्षी आहे. पण निवाडा किती वेगळा! थोरवी आकारावरून नाही, बळावरून नाही, कुळावरून नाही. इथे प्राणी वेगवेगळ्या जातीचेच आहेत, तरी जात हा मुद्दाच निकालात निघाला आहे.

अजिंठ्याला जाल तेव्हा दहाव्या लेण्यात षड्दन्त जातकाची चित्रे आवर्जून पाहा. ती दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत, पुसट झाली आहेत. सहा सुळ्यांच्या हत्तीला मारायला राणीने पारधी पाठवला. पारध्याच्या अंगावर काषाय वस्त्र पाहून हत्तीने त्याला जिवंत सोडले आणि सुळे आपणच कापून दिले. ते सुळे पाहून राणी कोसळली. सह्याद्रीच्या दगडावर आपल्या पूर्वजांनी हत्तीच्या डोळ्यांत जी करुणा रंगवली, ती त्यांना माणसांत पाहायची होती.

पण वकिलाने स्वतःच्या पक्षकाराचे कागदही तपासावेत. सगळ्या जातककथा निर्दोष आहेत असे मी म्हणणार नाही. सिंह आणि कोल्हीण यांच्या पोटी जन्मलेला छावा कोल्ह्यासारखा ओरडतो आणि बाप सिंह त्याला गप्प बसायला सांगतो, अशी कथा जातकातही आहे. सिंहकन्येला मागणी घालणारा कोल्हा हीन म्हणून हिणवला जातो, अशीही आहे. लोकांत चालत आलेल्या गोष्टी संग्रहात आल्या, त्यांच्याबरोबर लोकांचे दोषही आले. आपल्या विहारात सांगायच्या म्हणून त्या डोळे मिटून सांगायच्या का? जे बुद्धीला पटत नाही ते बुद्धवचन मानू नये, ही कसोटी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये दिली आहे. वासेट्ठ सुत्ताच्या कसोटीला उतरेल ती जातककथा सांगावी, न उतरेल ती सांगताना मुलांना तिच्यातला दोषही दाखवावा.

जनावरात लपवलेला माणूस

आतापर्यंत प्राण्याला माणूस केल्याच्या गोष्टी झाल्या. आपल्या देशात उलटा व्यवहारही झाला. माणसाला जनावर केले गेले. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह हे अवतार त्यांनी एकेक करून तपासले आणि त्या जनावरी नावांमागे चढाई करून आलेल्या टोळ्यांचे माणूस-नायक आहेत, असा अर्थ लावला. त्यांच्या प्रत्येक तपशिलाशी आजचा इतिहासकार सहमत होणार नाही. पण पद्धत पाहा. पुराणातले जनावर दिसले की त्याच्या कातड्याखाली माणूस शोधायचा! बाबासाहेबांनीही नाग म्हणजे साप नव्हे, नाग हे लोक होते, असे मांडले. धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात त्यांनी याच नाग लोकांची आठवण काढली. ज्यांना साप ठरवून ठेचले, त्यांना त्यांनी पुन्हा माणसांत आणून बसवले.

ज्या समाजाने कोल्ह्याला नीतिशास्त्र बोलायला लावले, पोपटाला विद्वान केले, त्याने जिवंत माणसाची वाचा काढून घेतली. म्हणून 1920 साली बाबासाहेबांना निघालेल्या पत्राला 'मूकनायक' हे नाव द्यावे लागले. चवदार तळ्यावर गुरे पाणी पिऊ शकत होती, आपण नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले. त्यावरून लागलेला दावा मुंबई उच्च न्यायालयात संपायला 1937 साल उजाडले.

एक योगायोग सांगतो. त्या सत्याग्रहाला बरोबर नव्वद वर्षे झाली त्या दिवशी, 20 मार्च 2017 रोजी, उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना या नद्यांना जिवंत व्यक्तीचा कायदेशीर दर्जा दिला. पुढे जुलै 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. निर्जीव वस्तूला व्यक्ती मानणे कायद्याला नवे नाही. कंपनी ही व्यक्ती असते. देवळातली मूर्ती ही कायद्याने व्यक्ती असते, ती मालमत्ता धारण करते, दावा लावते. प्रिव्ही कौन्सिलने 1925 साली हे एका कलकत्त्याच्या खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे कायदाही गोष्टी सांगतो. त्यात वाईट काही नाही. नदी वाचत असेल तर तिला जरूर माणूस म्हणा. पण त्याच देशात माणसाला हाताने मैला साफ करायला लावू नये म्हणून 1993 साली एक आणि 2013 साली दुसरा कायदा करावा लागला. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले. 2023 साली ती रक्कम तीस लाख केली. माणसे उतरतच होती, मरतच होती, म्हणून रक्कम वाढवावी लागली. दगडाला व्यक्ती म्हणणारी कल्पनाशक्ती आपल्याकडे भरपूर आहे. ती माणसापाशी येऊन आटते.

निळा कोल्हा पुन्हा एकदा

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली आणि ती आपल्याच लोकांसाठी आहे. निळ्या कोल्ह्याची गोष्ट मी नंतर मुळातून वाचली. राजा झाल्यावर त्याने पहिले काम काय केले? सिंह-वाघांना पदे दिली आणि इतर कोल्ह्यांना हाकलून लावले. आपली ओळख पटू नये म्हणून. म्हणजे ज्या दिवशी संकट आले त्या दिवशी त्याच्या बाजूला उभे राहायला एकही कोल्हा नव्हता. आपली माणसे टाकून परक्यांच्यात जाणाऱ्याचा नाश होतो, असा बोधही त्या गोष्टीत आहे. तो मला मान्य आहे. त्याचा गुन्हा ओरडणे हा नव्हता. आपल्या माणसाचा आवाज ऐकून डोळे भरून येणे हा तर त्याचा सर्वांत मोठा गुण होता. गुन्हा होता तो वस्तीला हाकलण्याचा. 1956 साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी दगा दिल्याची खंत बोलून दाखवली होती. बंगल्याच्या नावावरून, मुलांच्या आडनावावरून, भिंतीवरून उतरवलेल्या तसबिरीवरून आपल्यातले निळे कोल्हे आजही ओळखता येतात. त्यांना शिव्या देऊन उपयोग नाही. जंगलाची भीती खरी आहे. पण वस्ती सोबत असती तर भीती निम्मी झाली असती.

पुढच्या रविवारी

पुढच्या रविवारी मी वर्गात गेलो आणि त्या मुलीला म्हणालो, काऊचे घर शेणाचे गोष्ट सांगणाऱ्याने ठरवले. आता तुम्ही गोष्ट सांगा, तुम्ही ठरवा. पोरांत एकच गलका झाला. सहावीतला एक मुलगा म्हणाला, "सर, मेण तर उन्हात वितळतं. पावसाळ्यानंतर उन्हाळा येणारच की." सगळे गप्प झाले. खरेच, पिढ्यान्पिढ्या ही गोष्ट आपण पावसाळ्यात संपवत आलो. उन्हाळ्यापर्यंत ती नेलीच नाही.

मग मुलांनी ती पुढे नेली. ऊन तापले, चिऊचे घर वितळले. काऊने एव्हाना काटक्यांचे पक्के घर बांधले होते. चिऊ पिल्लांना घेऊन काऊच्या दारात आली. आता काऊने काय करावे? मोठ्या मुलांचे म्हणणे पडले, त्यानेही सांगावे, थांब, बाळाला न्हाऊ घालतो. तिलाही कळू दे. लहान मुले म्हणाली, पिल्लांचे काय चुकले? वाद रंगला. प्रश्न विचारणारी ती चौथीतली मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "दार उघडायचं. पण आत घेतल्यावर तिला विचारायचं, त्या दिवशी तू का नाही उघडलंस?"

मी निकाल दिला नाही. त्या दिवशी तो माझा अधिकार नव्हता.

आई-बापांना एवढीच विनंती आहे. मुलांना गोष्टी सांगा, भरपूर सांगा. कावळे, कोल्हे, हत्ती, तित्तिर सगळे बोलू द्या. फक्त गोष्ट संपल्यावर लगेच दिवा मालवू नका. पाच मिनिटे थांबा. मुलाला काही विचारायचे असते.